विश्लेषण : विनोबांनी औषध थांबवले, ते आजच्या ‘लिव्हिंग विल’च्या कायद्यात बसले असते का?

दिवाळी आठवड्यावर आली असताना १९८२च्या नोव्हेंबरमध्ये साऱ्या देशाचे लक्ष वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमाकडे लागले होते. ८७ वर्षांच्या आचार्य विनोबा भावे यांना ५ नोव्हेंबरला ताप भरला आणि हृदयविकाराचा त्रास सुरू झाला. डॉक्टर धावले, उपचार सुरू झाले, प्रकृती थोडी सावरत असल्याचेही सांगितले जाऊ लागले. पण ८ नोव्हेंबरच्या रात्रीपासून विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेणे थांबवले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः पवनारला जाऊन आल्या, तरी निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या सकाळी, त्यांचा देह शांत झाला.

शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आज कोणीही प्रौढ नागरिक आधीच लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही वाट मोकळी केली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा शेतकरी असो की मुंबईतला निवृत्त अधिकारी, हक्क दोघांनाही सारखाच आहे. तो हक्क वापरताना मात्र जे प्रश्न उभे राहतात, ते विनोबांच्या आयुष्यात एकेक करून येऊन गेले होते.

घरच्यांचा आग्रह मोडायला ते कधी शिकले?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे गावी झाला. आजोबा शंभुराव धार्मिक आणि व्रतस्थ, वडील नरहरपंत बडोद्यात नोकरीला आणि विज्ञानाची आवड असलेले, आई रुक्मिणीबाई भक्तीत रमणाऱ्या. शिक्षणात हुशार असलेल्या विनायकाने एके दिवशी आईसमोर चुलीत आपली प्रमाणपत्रे घातली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली. पुढचे आयुष्य त्या भेटीने ठरवले.

१९१८च्या साथीत घरातली माणसे आजारी पडली. गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा बडोद्याला गेले. आई आणि धाकटा भाऊ दत्तात्रय वाचले नाहीत. आईचे अंत्यसंस्कार पुरोहिताविना आपणच करावेत असे विनोबांचे म्हणणे होते. वडिलांना ते पटले नाही. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत, घरी वेदाध्ययन करत बसले. आईवर जिवापाड प्रेम करणाऱ्या मुलाने हे करावे, याचे त्या काळी किती जणांना वाईट वाटले असेल, याची कल्पना आजही करता येते. मरणाच्या दारात नातेवाईकांचे मत एक आणि आपल्या मनाची साक्ष दुसरी असेल तर काय करायचे, याचा निर्णय त्यांनी तेवीस वर्षांचे असताना घेतला होता.

मृत्यूविषयी त्यांनी काही लिहून ठेवले होते का?

इच्छापत्र म्हणता येईल असा कागद त्या काळी कायद्याला ठाऊकच नव्हता. पण १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा अध्याय झाले. श्रोत्यांमध्ये साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने उतरवून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक महाराष्ट्राला मिळाले. त्यातला आठवा अध्याय प्रयाणाविषयी आहे. शेवटचा क्षण चांगला जावा असे वाटत असेल तर रोजचा प्रत्येक क्षण त्याच तयारीने जगावा लागतो, अशा अर्थाचा विचार विनोबांनी तिथे सविस्तर मांडला. तेव्हा ते सदतीस वर्षांचेही नव्हते.

म्हणजे पवनारमध्ये १९८२ साली जे घडले, त्याची भूमिका पन्नास वर्षे आधी मांडली गेली होती आणि पुढे छापून घरोघर गेली होती. आश्रमातील कोणालाही विनोबांच्या निर्णयाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. रुग्णालयात डॉक्टरांनी बाहेर येऊन व्हेंटिलेटर लावायचा का असे विचारल्यावर एकमेकांकडे पाहणाऱ्या आजच्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. वडिलांना काय हवे होते, हे बहुतेक वेळा कोणी कधी विचारलेलेच नसते.

उपचारांना त्यांचा विरोध होता का?

असा समज सहज होऊ शकतो, पण तो अर्धाच खरा आहे. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती फार ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोपर्यंत आले होते. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हवापालट करावा असा गांधीजींचा आग्रह होता. विनोबांनी हवापालटासाठी निवडले ते वर्ध्यापासून काही मैलांवरचे पवनार. धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांचे घर होते, तिथे ते जाऊन राहिले. नदीवरचा पूल ओलांडताना डोक्यातल्या साऱ्या कामांचा भार मनाने खाली ठेवला आणि रोज थोडी थोडी माती खणायला सुरुवात केली. प्रकृती सुधारली, वजन वाढले. पवनार हेच पुढे त्यांचे कायमचे ठिकाण झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी भाषण केले तेही पवनारलाच.

दुसरा प्रसंग बिहारमधला आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. पोचमपल्ली तेव्हा हैदराबाद संस्थानातून झालेल्या हैदराबाद राज्यात होती. हट्टाही त्याच राज्याच्या परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली हा वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. पोटात व्रण असलेला, दही, दूध आणि मधावर राहणारा हा माणूस पुढची तेरा वर्षे गावोगाव चालत राहिला.

डिसेंबर १९५२ मध्ये चांडील येथे त्यांना घातक प्रकारचा मलेरिया झाला. ताप चढत गेला आणि विनोबा औषध घेईनात. देशभर काळजी पसरली, अनेकांनी विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी औषध घेतले आणि ते बरे झाले. त्यानंतर ते आणखी अकरा वर्षे चालले. चंबळच्या खोऱ्यात १९६०मध्ये डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९६२ मध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले.

चांडीलचा प्रसंग वैद्यकीय इच्छापत्राविषयी बोलताना मुद्दाम आठवावा असा आहे. १९५२चा नकार कोणी दगडावरची रेघ मानला असता तर चंबळ आणि पूर्व पाकिस्तान घडलेच नसते. सत्तावन्नाव्या वर्षी बरा होणारा आजार नाकारणे आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी थकलेल्या हृदयासाठी औषध नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस स्वतःचे मत बदलू शकतो. म्हणूनच कायद्याने इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभा ठेवली आहे. हे कलम अनेकांच्या नजरेतून सुटते.

शेवटची वर्षे कशी गेली?

७ जून १९६६ रोजी, गांधीजींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, विनोबांनी बाहेरच्या कामांतून हळूहळू निवृत्त होण्याचा निर्णय जाहीर केला. त्याला त्यांनी सूक्ष्मप्रवेश असे नाव दिले. १९७० मध्ये पवनार सोडून कुठे जायचे नाही असे ठरवले. डिसेंबर १९७४पासून वर्षभर मौन पाळले. याच काळात आणीबाणी आली आणि तिच्याशी अनुशासन पर्व हे शब्द जोडले गेले. त्या दोन शब्दांनी विनोबांची प्रतिमा अनेकांच्या मनातून उतरली ती कायमचीच. १९८२ साली पंतप्रधान पवनारला गेल्या तेव्हा त्या भेटीकडे सगळे एकाच नजरेने पाहत नव्हते.

एप्रिल १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले आणि काही दिवसांनी ते सुटले. हे उपोषण सरकारला हलवण्यासाठी होते. १९८२ मध्ये त्यांनी अन्न सोडले तेव्हा कोणाकडे काही मागितले नव्हते. वरून सारख्याच दिसणाऱ्या या दोन कृतींतला फरक आजच्या कायद्यानेही ओळखला आहे.

तो आत्महत्येचा गुन्हा होता का?

१९८२ मध्ये भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ पूर्ण जोरात होते. आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती. आत्महत्येस मदत करणाऱ्यासाठी कलम ३०६ होते. अक्षरावर बोट ठेवायचे तर पवनारात प्रश्न विचारता आला असता. पण प्रशासनाने विनोबांना उचलून रुग्णालयात नेले नाही, त्यांच्या नाकात नळी घातली नाही. समाजाने त्याला प्रायोपवेशन मानले. १९६६ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न, पाणी आणि औषध सोडून २६ फेब्रुवारीला देह ठेवला, तेव्हाही असेच झाले होते.

मोठ्या माणसाला समाजाने दिलेली ही सवलत साध्या माणसाला मिळेलच असे नव्हते. त्यामुळे प्रश्न कधीतरी न्यायालयात जाणारच होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे त्या पीठाने ठरवले, मात्र मरणाची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाच्या सन्मानाचा विचार वेगळा ठेवला. पुढची सारी वाट याच भेदावर उभी राहिली. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचे संथारा व्रत बेकायदा ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र कलम २२६ नुसार आजही गुन्हा आहे.

आजच्या कायद्यात विनोबांचा निर्णय बसला असता का?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेव्हा ३७ वर्षे अंथरुणावर असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच कडक अटींसह उपचार थांबवण्याची शक्यता मान्य केली. अरुणाताईंबाबत मात्र परवानगी नाकारली गेली, कारण त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना ते मान्य नव्हते. अरुणाताईंची इच्छा काय होती, हे कोणालाच माहीत नव्हते. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज प्रकरणात घटनापीठाने आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली.

या निकालाच्या चौकटीत विनोबांचे प्रकरण पूर्णपणे बसत नाही. इच्छापत्राचा उपयोग सुरू होतो तो रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नाही तेव्हा. विनोबा शुद्धीवर होते आणि स्वतःचा निर्णय स्वतः कळवत होते. शुद्धीवरच्या, समजूत शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णाला उपचार नाकारण्याचा हक्क आहेच आणि त्याच निकालाने तोही मान्य केला आहे. त्यामुळे औषध नाकारण्यापुरते विनोबा आज कायद्याच्या बाजूने असते. अन्नपाण्याचे तसे नाही. बेशुद्ध रुग्णाला नळीने दिले जाणारे अन्न हा उपचाराचा भाग मानता येतो. गिळू शकणाऱ्या माणसाने अन्न सोडण्याविषयी इच्छापत्राचा कायदा बोलत नाही. शिवाय इच्छापत्रानुसार उपचार थांबवायचे तर आजार असाध्य आहे आणि बरे होण्याची आशा नाही, हे डॉक्टरांच्या मंडळांनी ठरवावे लागते. प्रकृती सावरत असल्याचे सांगितले जात असताना पवनारमध्ये असे मत मिळाले असते का, हा प्रश्न उरतोच.

विष टोचून मरण घडवून आणण्याला भारतात परवानगी नाही, इच्छापत्र असले तरीही.

हट्ट्यातल्या माणसाने इच्छापत्र करायचे तर कसे?

२०१८च्या निकालात इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती. आजारी म्हाताऱ्याला त्यासाठी न्यायालयात नेणार कोण? जवळजवळ कोणीच गेले नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार, शक्यतो नात्याबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही एवढे पुरते. कागदावर आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे देता येतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक नेहमीच्या डॉक्टरकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. या संस्थांमध्ये महापालिका आणि नगरपालिकांबरोबर पंचायतीचेही नाव आहे. डिजिटल आरोग्य नोंदीतही इच्छापत्र जोडता येते.

निकालात पंचायत हा शब्द आला, पण गावच्या कार्यालयात तो पोहोचायला वेळ लागतो. महाराष्ट्रात अभिरक्षकांच्या नेमणुकीसाठी मुंबईतील डॉक्टर निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, त्यानंतर राज्यात नेमणुका झाल्या. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र करून ही पद्धत सुरू करून दिली. गावातून इच्छापत्र करणाऱ्याने नोटरीकडे जाण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत अभिरक्षक नेमका कोण, हे विचारून घेतलेले बरे.

पुढची अडचण अंतराची आहे. हट्ट्याचा रुग्ण गंभीर झाला की वसमत, मग नांदेड किंवा परभणी असा प्रवास होतो. इच्छापत्र कपाटात आणि रुग्ण अतिदक्षता विभागात, अशी वेळ आली तर डॉक्टर उपचार सुरूच ठेवतील आणि ते बरोबरच आहे. कागद मिळाल्यावर रुग्णालय त्याची खातरजमा करते. मग उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ असतात. त्यांनाही तेवढाच वेळ आहे. दोन्हींचे एकमत, इच्छापत्रात नाव असलेल्यांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना सूचना, एवढे झाल्यावर उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. मोठ्या खासगी रुग्णालयात हे जमेल. लहान गावाजवळच्या रुग्णालयात पाच वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ दोन दिवसांत दोनदा कुठून आणायचे, याचे उत्तर आदेशात नाही.

जमिनीचा प्रश्न इथे कुठे येतो?

ज्या माणसाने आयुष्याची तेरा वर्षे लोकांकडे जमीन मागण्यात घालवली, त्याला हा प्रश्न नवा वाटला नसता. शेतकरी कुटुंबात म्हाताऱ्याच्या मरणाबरोबर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. उपचारांचा खर्च वाढत गेला की जमीन गहाण पडते किंवा विकली जाते. अशा घरात उपचार नको हे म्हाताऱ्याचे म्हणणे खरोखर त्याचेच आहे, की आपण ओझे झालो या भावनेचे, की मुलांच्या नजरेचे? इच्छापत्र स्वेच्छेने केलेले असावे, दबावाखाली नसावे अशी अट आहे, साक्षीदार नात्याबाहेरचे असावेत असे म्हटले आहे ते त्यामुळेच. नोटरीला सही दिसते. घरातला दबाव दिसत नाही.

याची उलट बाजूही आहे. गावाकडे अनेक रुग्णांना अतिदक्षता विभागातून घरी नेले जाते, ते पैसे संपल्यामुळे. वेदना कमी करणारी औषधे आणि सोबत कोणी नसताना त्यांचा शेवट होतो. त्याला सन्मानाने मरण म्हणणे कठीण आहे. इच्छापत्र केल्यावरही वेदनाशमन आणि शुश्रूषा बंद होत नाही, थांबतात ते फक्त मरण लांबवणारे उपचार. पवनारमध्ये शेवटचे सात दिवस विनोबांभोवती आश्रमाची माणसे होती आणि त्यांना एकटे सोडले गेले नव्हते.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग नामदेवांच्या अभंगांतूनच महाराष्ट्राला माहीत झाला. त्याच नामदेवांच्या अभंगांची निवड करून विनोबांनी पुस्तक केले होते. मृत्यूची तयारी ही बोलायची गोष्ट आहे, हे या भागातल्या वारकरी घरांना नवे नाही. कीर्तनात ती ऐकली जाते. जेवायला बसल्यावर मात्र कोणी वडिलांना विचारत नाही, की उद्या बोलता आले नाही तर तुमच्या वतीने आम्ही काय सांगायचे.

विनोबांना १९८३ मध्ये मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. वैद्यकीय इच्छापत्रावर संसदेचा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. सध्या जे आहे ते न्यायालयाच्या आदेशांवर चालते.